मुद्दाम, की चुकून?

धाकटीनं चूक मुद्दाम केली होती, आणि करताना तिला मनातल्या मनात गुदगुल्या होत होत्या.

चूक तशी बारीकच. सर्किट बोर्डाच्या कोपऱ्यात स्क्रूसाठी भोक असतं, आणि तांब्याच्या रेषा त्या भोकापासून जरा अंतर राखून काढायच्या असतात. तिनं एक रेषा भोकाला चांगली खेटून काढली. इतकी खेटून, की बोर्ड डब्यात बसवून स्क्रू आवळला की रेषेचं भजं झालंच म्हणून समजा. ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही त्याला ते दिसणार नाही, पण बोर्डाचा कारखाना चालवणाऱ्याला दिसलं नाही तर त्यानं कारखाना बंद करून झोपा काढाव्यात. ती फाईल तिनं तीन कारखान्यांना पाठवली, लॅपटॉप मिटला आणि नवऱ्याला म्हणाली, "आता बघू कोण काय दिवे लावतं."

नवरा समोरच्या टेबलावर ठमीच्या पोटात हवा भरत होता. ठमी म्हणजे रबरी बाहुली. तिच्या पोटात एक छोटा फुगा होता, फुग्याला पंप, आणि पंप चालू केला की ठमीचं पोट तान्ह्या बाळासारखं वरखाली व्हायचं. त्या पोटावर एक मऊ पट्टा. पोट हललं की पट्ट्याला कळायचं, पट्टा ते बोर्डाला सांगायचा, आणि पोट हलायचं थांबलं की बोर्ड असा काही ठणाणा करायचा की खालच्या मजल्यावरचा शिंपी कात्री टाकून वर धावत यायचा. जन्मतः अशक्त असलेल्या बाळांचा श्वास झोपेत मध्येच थांबतो. तो थांबला की कुणाला तरी कळायला हवं, एवढंच त्या यंत्राचं काम. धाकटी बोर्डांचं डिझाईन करायची, नवरा त्यात प्रोग्रॅम घालायचा, आणि दोघांचं वर्कशॉप म्हणजे शिंप्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या.

"मी काय म्हणतो," नवरा म्हणाला, "दादांनाच देऊन टाक ना काम. घरात शांतता राहील."

"शांतता हवी तर ठमीशी संसार कर," धाकटी म्हणाली.

पण नवरा चुकीचं बोलत नव्हता, हे तिला कळत होतं. तीन कारखान्यांपैकी एक तिच्या सख्ख्या दादाचा होता.

आजवरचे तिचे सगळे बोर्ड दादाच्याच कारखान्यात झाले. वजनकाट्याचा बोर्ड, दुकानाच्या दारातल्या घंटीचा बोर्ड, सगळे. आणि सगळे पहिल्याच फटक्यात चालले. या धंद्यात तसं होत नाही हो. पहिला नमुना येतो, चालत नाही, डोकं धरून बसायचं, चूक शोधायची, पुन्हा बनवायचं, अशीच रीत असते. धाकटीच्या बाबतीत मात्र बोर्ड आला, लावला, चालला. बरोबरची मंडळी तिला "एका फटक्याची बाई" म्हणायची, आणि ती नाही-नाही म्हणत गालातल्या गालात हसायची. का हसू नये? स्वतःच्या कामावर तिचा विश्वास होता आणि तो लपवायची तिला गरज वाटत नव्हती.

मग या वेळी तीन कारखाने कशाला? तर बालविभागाच्या डॉक्टरीणबाईंमुळे. हाताने तारा जोडून केलेलं पहिलं यंत्र त्यांनी नीट पाहिलं, ठमीचा श्वास स्वतः बंद करून पाहिला, चालू करून पाहिला, आणि म्हणाल्या, "आवडलं. माझ्या वॉर्डात लावू. पण बोर्ड कोण बनवणार?"

"माझा भाऊ," धाकटी चटकन म्हणाली.

"का?"

"म्हणजे... भाऊ आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "हे यंत्र बाळाच्या उशाशी राहणार. आईला डोळा लागला तरी याला लागून चालणार नाही. कोण बनवणार ते मला सांगा, आणि का तेही सांगा. 'भाऊ आहे' हे कारण मी त्या आईला देऊ शकत नाही."

धाकटीला तो शब्द लागला. लागला ते बरंच झालं, कारण घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात हे भोकाचं लचांड तयार होतं. जो बोर्ड बनवतो त्याला चूक दिसते का, आणि दिसली तर तो काय करतो, हे तिला पाहायचं होतं. दादाला चूक दिसणार याची तिला खात्रीच होती. तो फोन करेल, "अगं ए, हे काय काढलंयस?" म्हणून चार शब्द सुनावेल, आणि मग डॉक्टरीणबाईंना सांगायला तिच्याकडे भावापेक्षा चांगलं कारण असेल. खरं सांगायचं तर परीक्षा तिघांची होती, पण पेपर तिनं दादा पास व्हावा म्हणूनच काढला होता.

सगळ्यात आधी दादाचेच बोर्ड आले. त्यानं स्वतः आणून दिले. आला तसा दारातच थांबला, दाराची बिजागरी करकरते म्हणून खिशातून पाना काढून दोन पिळे दिले, मग आत आला. दादाचं हे असंच. कुणाकडेही गेला की भिंतीवरची तसबीर सरळ करील, गळका नळ आवळील, खुर्चीचा डुगडुगणारा पाय बसवील, आणि एका शब्दानं बोलणार नाही. वहिनी म्हणायची, "आमच्याकडे काही बिघडलं की मी ओरडायच्या आत दुरुस्त झालेलं असतं. भांडायलासुद्धा काही मिळत नाही."

"घे," दादानं पुडकं टेबलावर ठेवलं. "काम झालं."

"काही अडचण?"

"कसली अडचण?"

तो चहा पिऊन गेला. धाकटीनं पुडकं फोडलं, भिंग घेतलं आणि कोपरा पाहिला. रेषा भोकापासून लांब होती. अगदी सुबक, हवी तेवढी लांब. दादानं चूक पाहिली होती, सरकवली होती, आणि तोंडातून ब्र काढला नव्हता.

"झालं की," नवरा मागून डोकावत म्हणाला. "पास."

"पास कसला?" धाकटी म्हणाली. "मी काढलं एक आणि त्यानं बनवलं दुसरं. मला न सांगता."

"पण चांगलंच केलं ना?"

"या वेळी चांगलं केलं."

नवरा पंपाकडे वळला. बायको त्या सुरात बोलली की ठमीच्या पोटात हवा भरत बसावं, हे तो लग्नानंतर लवकरच शिकला होता.

दुसरा कारखाना सातासमुद्रापलीकडचा. त्याच्याशी बोलायचं ते वेबसाईटवर, बटणं दाबून. त्यांचे बोर्ड विमानानं आले आणि काय सांगू, बघत राहावे असे. कडा गुळगुळीत, अक्षरं ठसठशीत, एकेक बोर्ड वेगळ्या पिशवीत. आणि कोपऱ्यात ती रेषा भोकाला खेटून, तिनं काढली होती अगदी तश्शी. मागितलं ते दिलं, दिलं ते विसरले. त्यांचाही दोष नव्हता, पण बाळाच्या उशाशी असा माणूस कामाचा नाही, आणि तिनं त्यांच्या नावावर काट मारली.

तिसरा कारखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होता आणि तो चालवणाऱ्या बाईंना सगळा धंदा "उलटतपासणी" म्हणून ओळखायचा. काम घेऊन गेलं की आधी प्रश्न. हे कशाला लागतं, कुठे बसतं, ऊन लागतं का, पाणी लागतं का. गिऱ्हाईकं वैतागून पळायची आणि दुसरीकडे हात पोळले की निमूटपणे परत यायची. बाईंनी स्वतः इंजिनिअरिंग केलेलं, वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यांत काढलेली, आणि जिभेला हाड नाही.

त्यांचे बोर्ड आलेच नाहीत. फोन आला.

"मॅडम, तुमचं काम मी बाजूला ठेवलंय."

धाकटी खुर्चीत ताठ बसली. "का हो?"

"कोपऱ्यातलं भोक. रेषा खेटून गेलीय. मुद्दाम, की चुकून?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"माझ्या वाटण्यावर कारखाना चालत नाही. चुकून असेल तर दुरुस्त फाईल पाठवा. मुद्दाम असेल तर तसं लिहून पाठवा, तस्सं बनवून देते, माझं काय जातंय!"

"अहो, मग तुम्हीच सरकवा ना जरा ती रेषा. एवढं काय त्यात?"

"मी?" बाईंचा आवाज असा चढला की धाकटीनं फोन कानापासून लांब धरला. "तुमच्या चित्राला मी हात लावू? आणि उद्या त्या रेषेचं दुसरंच काही कारण निघालं, तर निस्तरायला कोण, तुमचे सासरे येणार?"

धाकटी खदखदून हसली. बाईंना ते आवडलं नसावं.

"हसायला काय झालं?"

"काही नाही हो. चुकून झालंय. दुरुस्त करून पाठवते." आणि तिनं त्याच दिवशी रेषा सरकवून फाईल पाठवली.

आता सगळं सरळ होतं. म्हणजे धाकटीला तसं वाटलं. उलटतपासणीबाईंचे बोर्ड आले, नवऱ्यानं त्यांवर, आणि ताडून बघायला बाकी दोघांच्याही एकेका बोर्डावर, सुटे भाग सोल्डर केले, प्रोग्रॅम घातला, ठमीला पट्टा बांधला, पंप चालू केला. ठमीचं पोट वरखाली होऊ लागलं, आणि बोर्डानं ठणाणा सुरू केला.

"अरे, श्वास घेतेय ना ती!" धाकटी ओरडली.

घेत होती. ठमी आपली मजेत श्वास घेत होती आणि बोर्ड कानीकपाळी ओरडून सांगत होता की पोर गेली. खालून शिंप्यानं काठीनं छत ठोकलं. नवऱ्यानं बोर्ड बदलला. पुन्हा ठणाणा. परदेशी बोर्ड लावला, तोही तसाच. शेवटी वैतागून त्यानं दादाचा बोर्ड लावला.

खोली शांत झाली. ठमीचं पोट वर गेलं, खाली आलं, आणि बोर्डावरचा हिरवा दिवा त्याच तालात लुकलुकत राहिला. नवऱ्यानं पंप बंद केला, तेव्हा बोर्ड ओरडला. पुन्हा चालू केला, गप्प झाला. अगदी हवं तसं.



"दादांचा तेवढा चालतो," नवरा हळूच म्हणाला.

"ते मलाही दिसतंय."

धाकटीनं मीटर घेतला आणि दादाचा बोर्ड नि बाईंचा बोर्ड शेजारी ठेवून एकेक जागा तपासायला बसली. फार वेळ लागला नाही. पट्ट्याची वायर ज्या कनेक्टरात जाते, त्याच्या पिना दादाच्या बोर्डावर डावीकडून उजवीकडे होत्या आणि बाकी दोघांच्या बोर्डांवर उजवीकडून डावीकडे. आरशात पाहिल्यासारख्या. तिनं स्वतःची फाईल उघडली. फाईलमध्ये त्या उलट्याच होत्या. काढणारी तीच. ही चूक मात्र तिनं मुद्दाम केली नव्हती.

बाईंना ती दिसणं शक्यच नव्हतं. कनेक्टरात पुढे कुठली वायर जाणार आणि कशी जाणार, हे बोर्ड बनवणाऱ्याला कुठून कळावं? ते कळायला धाकटीला आतून-बाहेरून ओळखणारा माणूस हवा.

तिच्या मनात एक शंका आली. तिनं कपाटातून जुने बोर्ड काढले. वजनकाट्याचा बोर्ड आणि त्याची फाईल. फाईलमध्ये कनेक्टर उलटा, बोर्डावर सुलटा. घंटीचा बोर्ड आणि त्याची फाईल. तेच. एकूण एक बोर्ड तिनं तपासला आणि एकूण एक बोर्डावर दादाचा हात फिरलेला होता.

एका फटक्याची बाई! तिनं कपाळावर हात मारून घेतला. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तिनं आधी थोडं रडून घेतलं. मग तोंड धुतलं, दादाचा बोर्ड पर्समध्ये टाकला आणि जिना उतरली.

दादाच्या कारखान्यात एक खोली पिवळ्या दिव्यांची होती. साधा उजेड पडला तर बोर्डावरचा लेप खराब होतो, म्हणून तिथे सगळं पिवळं. भिंती पिवळ्या, एप्रन पिवळा, दादाचं टक्कल पिवळं. बाहेर ड्रिल मशीनची कुरकुर, टाक्यांतल्या रसायनांचा आंबट वास. लहानपणी, कारखाना वडिलांकडे असताना, ती याच वासात वाढली, अभ्यासाला इथेच बसायची. दादा तांब्याच्या पाट्या उजेडासमोर धरून बघत होता.

"अरे वा, ये," तो म्हणाला. "ऑर्डर घेऊन आलीस?"

धाकटीनं बोर्ड त्याच्यापुढे ठेवला. "हा कनेक्टर तू फिरवलास?"

दादानं बोर्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. "उलटा होता."

"आणि काट्याचा?"

"तोही."

"आणि घंटीचा?"

"तुझे सगळेच उलटे असतात गं," दादा अगदी सहज म्हणाला, जसं कुणी म्हणावं की आज ऊन आहे. "तू डावरी ना. बोर्ड मनातल्या मनात खालून बघतेस आणि वरून काढतेस. मला पाठ झालंय. तुझी फाईल आली की पहिलं काम तेच."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"त्यात काय सांगायचं? माझं काम होतं, मी केलं." त्यानं पाटी खाली ठेवली. "लहानपणी तू बूटसुद्धा उलटे घालायचीस. डावा उजव्या पायात, उजवा डाव्यात. आई ओरडायची, तू रडायचीस. मग मी दाराशी तुझ्या बुटांची जागाच बदलून ठेवायला लागलो. डावीकडचा उजवीकडे. तू यायचीस, घालायचीस उलटेच, पण पायात जायचे सुलटे. आई म्हणायची, शिकली पोर!"

तो हसला. धाकटीला हसू आलं नाही. तिला आठवलं ते वेगळंच.

"शाळेच्या सहलीला माझे पाय सोलले होते," ती म्हणाली.

"हो ना. हे एवढाले फोड. मी खांद्यावर बसवून घरी आणलं होतं तुला स्टँडवरून."

"का सोलले होते, दादा?"

दादाचं हसू जरा ओसरलं. "मुक्कामाची सहल होती. सकाळी बूट तुझे तूच घातलेस."

"कारण तू नव्हतास तिथे."

"मी कसा असणार? मुलींची सहल."

"मग वॉर्डात तू असशील?" धाकटीनं विचारलं. "उद्या तुला ताप आला आणि माझी फाईल तुझ्या जागी दुसऱ्या कुणी घेतली, तर? तू काय काय दुरुस्त करतोस ते कुठे लिहिलंयस?"

"लिहायचं कशाला? डोक्यात आहे."

"तेच म्हणतेय मी. तुझ्या डोक्यात. माझ्या डोक्यात नाही, फाईलमध्ये नाही. मला वाटतंय मी पहिल्या फटक्यात बोर्ड करते, लोक वाहवा करतायत, आणि इथे तू आपला बूट बदलून ठेवतोयस! बाळाच्या उशाशी मला असा बोर्ड हवा, की जो मी काढला तोच बनला. माझी चूक असेल तर ती मला कळली पाहिजे. म्हणून तुला काम देत नाहीये मी. त्या बाईंना देतेय. त्यांनी फोन केला. कोपऱ्यातली रेषा खेटून गेलीय म्हणून काम थांबवलं आणि विचारलं, मुद्दाम की चुकून."

"ती रेषा मीसुद्धा सरकवली होती," दादा म्हणाला.

"माहीत आहे. ती मी मुद्दाम काढली होती. तू विचारशील म्हणून."

 दादानं एप्रनला हात पुसले. पुसायला काही नव्हतं, तरी पुसले.

"माझी परीक्षा घेतलीस," तो म्हणाला.

"हो. आणि तू पास व्हावास म्हणून देव पाण्यात घालून बसले होते. तुझ्याइतकी नजर कुणाची नाही, दादा. त्या बाईंचीसुद्धा नाही. फक्त तू विचारत नाहीस."

"सख्ख्या बहिणीला काय विचारायचं?"

"सख्ख्या बहिणीला काय विचारायचं नसतं?"

 जाताना तिनं पाहिलं, दाराशी तिची चप्पल होती. एक पुढे, एक मागे, तिनं काढली तशीच. एरवी ती निघाली की तो ती जोडीनं सरळ करून ठेवायचा; आज त्यानं हात लावला नव्हता. तिला ते सगळ्यात जास्त लागलं.

पण निर्णय तिनं बदलला नाही, आणि बदलावासाही वाटला नाही. कनेक्टर नीट केला, फाईल तपासली, मग आरसा घेऊन पुन्हा तपासली. नवरा म्हणाला, हे जरा अतीच होतंय. ती म्हणाली, होऊ दे. डॉक्टरीणबाईंना तिनं जाऊन सांगितलं कोण आणि का, आणि स्वतःच्या उलट्या कनेक्टराचीही गोष्ट सांगितली, काही न लपवता. डॉक्टरीणबाई या वेळी मात्र हसल्या. म्हणाल्या, "जी चूक सांगता येते तिची मला भीती वाटत नाही. लावा यंत्रं."

उलटतपासणीबाईंनी सगळे बोर्ड बनवून दिले. त्याआधी आणखी एकदा फोन करून डोकं खाल्लं, की वॉर्डात फरशी पुसतात ते पाणी डब्यात जातं का, आणि जातं म्हटल्यावर बोर्डांवर जादा लेप चढवला. वॉर्डात यंत्रं लागली. एका दुपारी त्यातलं एक ओरडलं, नर्स धावली, बाळाच्या तळव्यावर टिचकी मारली, आणि ते इवलंसं पोट पुन्हा हलायला लागलं. धाकटी तेव्हा तिथेच होती, दुसऱ्या यंत्राचा पट्टा बसवत.  बाळाच्या आईनं तिला विचारलं, "तुम्ही बनवलंत का हे?" ती म्हणाली, "आम्ही बऱ्याच जणांनी."

दादा मात्र गप्प झाला. भांडला नाही, टोमणे मारले नाहीत, नुसता गप्प. वहिनीचा फोन आला. "काय गं, काय केलंस माझ्या नवऱ्याला? नळ गळतोय तर नुसता बघत उभा राहतो आणि मला विचारतो, 'दुरुस्त करू का?' लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं हे. मी म्हटलं, तब्येत बरी आहे ना!"

धाकटी हसली. फोन ठेवल्यावर तिनं डोळे पुसले.

थोड्या दिवसांनी वजनकाट्याच्या बोर्डांची पुन्हा मागणी आली. ते काम दादाचंच होतं आणि दादाकडेच जायचं होतं, त्याबद्दल तिच्या मनात किंतु नव्हता. ती लॅपटॉपसमोर बसली. फाईल जुनी, कनेक्टर उलटा, पहिल्या दिवसापासून होता तसाच.

"नीट केलास ना तो?" नवऱ्यानं ठमीच्या टेबलावरून विचारलं.

"पाठवली फाईल," ती म्हणाली.

"मी ते विचारलं नाही."

"ऐकलं मी."

तो दिवस तिनं कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सोल्डर करत होती, पण लक्ष सगळं फोनकडे. फोन वाजला तेव्हा तिनं सोल्डरचा दांडा स्टँडऐवजी टेबलावर ठेवला आणि टेबलाला डाग पडला तो आजही आहे.

"हॅलो," पलीकडून दादा म्हणाला. मागे ड्रिल मशीन कुरकुरत होतं. "मी बोलतोय. कारखान्यातून."

"बोल की."

दादानं घसा साफ केला. मग आणखी एकदा केला. आयुष्यात कधी न केलेली गोष्ट करताना माणसाची त्रेधा उडते, तशी त्याची उडाली होती.

"काट्याच्या बोर्डाचं काम मी बाजूला ठेवलंय," तो म्हणाला. "तो कनेक्टर उलटा आहे."

"बरं."

"बरं काय बरं? मुद्दाम, की चुकून?"

"मुद्दाम."

"मुद्दाम? आणि ते कशासाठी?"

"तुझा फोन यावा म्हणून," धाकटी म्हणाली.



"दुरुस्त करून पाठव," दादा म्हणाला.  "मी हात लावणार नाही."